झऱ्यापर्यंतचा रॅम्प

नाही, ढकला तुम्ही, ढकला — फक्त त्याचं कौतुक सांगू नका मला. रॅम्प म्हणे! चार वळणं, स्टीलचे कठडे, जागोजागी बाण — बागेत आलोय की हॉस्पिटलात? मॅडम, तुम्ही आज ज्या खुर्चीत बसता ना, तिथं मी एकोणीस वर्षं काढलीत. मी अधीक्षक होतो तेव्हा वेफर्सचं पाकीट घेऊन कुणाची फाटकातून आत यायची हिंमत नव्हती. आता बघा — तो कोण, झऱ्याकडे पाठ करून फोटो काढतोय! तीनशे वर्षांचं दगडी काम समोर आहे आणि ह्याला स्वतःचं थोबाड बघायचंय. आणि ती बाई माझ्याकडे बघून हसली, पाहिलंत? चाकाच्या खुर्चीतला माणूस दिसला की यांना लगेच दयेचा पान्हा फुटतो. पाय गेलेत म्हणावं माझे, डोकं ठिकाणावर आहे.

काय? माझ्या वेळी कुणी रॅम्प मागितला नव्हता का? मागितला होता की. एकच अर्ज — सदतीस पायऱ्या आहेत, बाजूनं उतार करावा, म्हणजे चाकाच्या खुर्चीतल्या माणसांनाही पाणी बघता येईल. मी शेरा मारला — ऐतिहासिक पायऱ्यांना धक्का पोचेल, मागणी अमान्य. खाली सही, शिक्का, विषय संपला. अर्जदार? होती एक बाई. दर रविवारी मी खाली फेरी मारून येईपर्यंत फाटकापाशी तिच्या चाकाच्या खुर्चीत बसून असायची — हो, माझीच बायको, त्यात एवढं दचकायला काय झालं? घरी चारदा सांगून झालं, मी बधेना, तेव्हा ऑफिसात रीतसर अर्ज टाकला तिनं, आवक नंबर घालून. मला नियम शिकवत होती! मग मीही उत्तर रीतसर टपालानं धाडलं. पोस्टमन आला तेव्हा घरी मीच होतो, मीच नेऊन दिलं तिच्या हातात. वाचलं तिनं. म्हणाली, बरं, निदान कसं दिसतं ते तरी सांगा. मी म्हटलं, पाणी आहे, नळाला येतं तसलंच. पुढच्या रविवारपासून यायचीच बंद झाली. हट्टी होती. जाऊन सहा वर्षं झाली तिला.

पोचलो? थांबा, आधी खुर्ची पायऱ्यांकडे वळवा — काय नासधूस करून ठेवलीय ती बघू दे मला. तुम्हाला नाही कळायचं, मॅडम, जुना दगड एकदा हलला की हलला. ती कडेची भेग — नाही, ती माझ्या वेळचीच. वरच्या टप्प्याला बघा. नीट बघा की, वाका जरा! कुठंतरी छिन्नी लागलीच असेल. एखादी तरी मोडली असेल. एखादी तरी —

एकही नाही?

अभिप्रायाची वही? कशाला? मी काय लिहू त्यात — नको, पेन नको. मिटा ती. मिटा म्हटलं ना! आणि मला वर न्या.