निर्मनुष्य ठरलेलं गाव

जांबीच्या सरकारी दवाखान्यात निवृत्त पुरातत्त्वज्ञ पाक दारविस नंबराची वाट पाहत होते. मागच्या बाकावर दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"तुमचं गाव का उठवलं गं?"

"देवळाच्या विटा सापडल्या ना. खोदकामाला आलेल्या साहेबांनी अहवालात लिहिलं, इथे सातशे वर्षं कुणी राहिलंच नाही. मग आम्ही घुसखोर ठरलो."

"त्यांना घरं दिसली नाहीत?"

"आमच्याकडेच तर जेवायचे. माशाचं कालवण मागून घ्यायचे."

"मग असं कसं लिहिलं?"

"वरून सांगितलं असेल. माणूस वाईट नव्हता."

"नाव काय त्यांचं?"

"आठवेना बाई."

तेवढ्यात नर्सने पुकारलं, "पाक दारविस!"

"हेच नाव की गं!"

सगळे इकडेतिकडे पाहू लागले. दारविसही पाहू लागले.