सायकल शेडची ढिली सळई

आमच्या शाळेच्या सायकल शेडचं नाव काढलं की मला अजूनही राग येतो. त्या लोखंडी शेडच्या खांबांमध्ये फुलीसारख्या तिरप्या सळया लावल्या आहेत. एप्रिलमध्ये त्यांतली एक ढिली पडून लोंबायला लागली. पी.टी.चे सर म्हणाले, "पोरी लटकून रायतेत तिले. उद्यापासून पोरींच्या सायकली बाहेर, उनात."

आमच्यापैकी कोणीही कधी लटकलेलं नव्हतं. कोपऱ्यातल्या खांबाजवळ जमिनीला हात जाईल एवढी भेग पडली होती आणि तो खांब खचला होता. वर्गात मी उत्तर येत असूनही बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "सर, काळी माती वाळून आकसली, खांब खाली गेला, म्हणून सळई ढिली झाली."

"तू मले माती शिकवते काय वं? भातकुलीले वावर हाय माह्यं. दर उन्हाळ्यात घराची भिंत तडकते, ते या मातीनंच."

"मग शेडखाली दुसरी माती आहे का, सर?"

"तोंड लय चालते तुह्यं."

ऑगस्टमध्ये पावसानं माती फुगली, खांब वर आला आणि सळई पुन्हा ताणली गेली. आता तरी सरांना पटेल, म्हणून मी त्यांना शेडमध्ये नेलं. त्यांनी सळईवर टिचकी मारली. ती टणकन वाजली.

"पायलं? पोरी बाहेर काढल्या अन् सळई सरळ झाली."

आमच्या सायकली आता पावसात भिजतात. मी एप्रिलची वाट पाहते आहे. शेडमध्ये सध्या फक्त मुलांच्याच सायकली आहेत.