निम्मी उरलेली वही

बसच्या रांगेत माझ्यापुढे नववीच्या बाई होत्या, आणि त्यांच्या वर्गाला कोडिंग शिकवायला आलेला कंपनीतला इंजिनिअर.

"बाई, पुढच्या सोमवारी दुसऱ्या कुणाला तरी बोलवा."

"का हो?"

"तासभर माझा प्रोग्रॅम काही चालेना. पोरांसमोर पार शोभा झाली."

"सहा वेळा चुकलात. मुलं मोजत होती."

"तेच म्हणतोय मी."

"खिडकीजवळची ती मुलगी आठवते? जरा चुकलं की पान फाडते. वही निम्मी उरलीय तिची."

"मग?"

"आज तुमच्या तासाला तिचंही चुकलं. नुसती काट मारली आणि खाली परत लिहायला घेतलं."

"आलं का बरोबर?"

"नाही. उद्या बघते म्हणाली."

"...सोमवारी प्रोग्रॅम घरून नीट तपासून आणतो."

"इतकाही तपासू नका."