खुर्चीचा कौल

कामशेत स्टँडवर माझ्या मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या आणि शेजारी गळ्यात कॉम्प्युटर कंपनीचं ओळखपत्र घातलेला त्यांचा भाचा.

“अमृत, तुजा सायेब सदा परदेशात. मग कंपनी चालती कशी रं?”

“झकास चालते. काही अडलं की त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढं कागद ठेवायचा आणि खुर्चीला एक गिरकी द्यायची. दाराकडं तोंड करून थांबली तर होकार, खिडकीकडं थांबली तर नकार.”

“अगं बया! म्हंजी आपुन देवीला कौल लावतो तसंच की!”

“तसंच. गिरकी देणाऱ्यानं त्या दिवशी उपास धरायचा असतो.”

“आन कौल कदी चुकला न्हाई?”

“एकदाच. त्या दिवशी खुर्चीत साहेब बसले होते.”

“लय जागृत खुर्ची हाये बाबा!”

“उद्या माझा कागद ठेवणार आहेत, मावशी. मला कायम करायचं की काढायचं, त्याचा.”

“मग तोंड का पाडून बसलायस?”

“साहेब लोणावळ्याच्या बंगल्यावर आलेत. उद्या ऑफिसात येऊन बसतो म्हणतात.”

“बसतोय कसा! त्यास्नी औंढ्याला माज्या घरी जेवायला बोलव. कोंबडं कापते. दिवस मावळस्तोवर पाटावरनं उठू द्यायची न्हाई मी.”