मेलेल्या याकोबची सही

(मारुंजी. दुपार टळलेली. बंगल्याच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू मुलगी, पूर्वी, लॅपटॉप घेऊन बसली आहे. घरमालक सोपानराव आणि त्यांची बायको जयमाला चहा घेऊन आले आहेत.)

सोपानराव : लांडगे? भोसरीचे का?

पूर्वी : लँडिस, काका. अमेरिकेतले. आमची कंपनी तिकडच्या लोकांच्या वंशावळी शोधून देते. हे मेनोनाइट, म्हणजे हत्यार न धरणारे ख्रिस्ती शेतकरी. तीनशे वर्षांपूर्वी जहाजानं तिकडं जाऊन वसले.

जयमाला : मग अडलंय कुठं?

पूर्वी : याकोब लँडिसपाशी. हा सतराशे एकोणपन्नासला वारला. आणि त्रेपन्नला त्यानं जमीन विकली.

सोपानराव : त्यात काय! आमच्या गावात मेलेल्या माणसानं दोनदा इकलीया.

पूर्वी : काका, संध्याकाळपर्यंत द्यायचंय हो. शनिवारी त्यांचं कुलसंमेलन आहे. तीनशे माणसं येणार.

सोपानराव : पोराचं नाव याकोबच आसंल. जन्मदाखला बघ.

पूर्वी : तोच नसतो. तेव्हा जन्माची नोंद चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वेळी व्हायची, आणि हे लोक बाळाचा बाप्तिस्मा करत नाहीत. मोठं झाल्यावर, ज्याच्या त्याच्या मर्जीनं. आणि मुलगे दोन्ही लहानपणीच गेले.

सोपानराव : खरेदीखतावर बायकू कोण हाय?

पूर्वी : अ‍ॅना. पण याकोबची बायको तर बार्बरा होती.

सोपानराव : आन् लेक?

पूर्वी : लेक... थांबा. अ‍ॅना!

सोपानराव : घरजावई! जावयाचं नावबी याकोब. अंगठेबहाद्दर गडी, कारकुनानं सासऱ्याचं आडनाव ठोकून दिलं. बघ, सापडतंय का लगीन.

पूर्वी : सापडलं! अ‍ॅना लँडिस आणि याकोब मायर. राहणार, सासऱ्याच्या शेतावर. काका, तुम्ही आमच्या कंपनीत या.

सोपानराव : शिफ्ट जमायची न्हाई. दुपारी झोप लागतीया मला. धाड त्यास्नी.

पूर्वी : धाडलं. तिकडं आत्ता सकाळ आहे... अय्या, आलंसुद्धा उत्तर.

जयमाला : खूश झाले?

पूर्वी : कसले! म्हणतायत, टी-शर्टांवर ‘याकोबचे पुत्रपौत्र’ असं छापून झालंय. अ‍ॅनाला गाळून सरळ याकोबखाली याकोब दाखवता येईल का?

सोपानराव : आरं वा! जिनं घर राखलं तिलाच गाळायची? लिव्ह त्याला, आमच्याकडं आसलं चालत न्हाई!

पूर्वी : जरा गोड शब्दांत लिहिते... गेलं. आता कामावरून दिलं काढून तर दिलं.

सोपानराव : न्हाई काढत. बरं, हातासरशी आमचीबी करून दे की वंशावळ. घे लिहून. तुकाराम. त्येचा मारुती. मारुतीचा मी.

जयमाला : आन् वन्सं?

सोपानराव : आगं, वंश म्हंजी...

जयमाला : आत्ता त्या सायबाला काय सांगत होता?

सोपानराव : ती येगळी गोष्ट हाय.

जयमाला : व्हय, येगळीच. अ‍ॅनानं सही करून जमीन इकली, वन्संनी सही करून तुमच्या नावावर सोडली. हा बंगला कशावर उभा हाय?

पूर्वी : बहिणीचं नाव काय, काका?

सोपानराव : ...छबू. छबूबाई. काळेवाडीला आसती.

पूर्वी : तुमच्या खाली घेऊ?

सोपानराव : खाली नगं. थोरली हाय ती. माज्या आधी लिव्ह.