कोरड्या ओळींना पाणी

मंडळी, मला बोलायची सवय नाही. नगरला, सावेडीत उतरल्यापासून मनात वाक्यं जुळवतोय. माझी शाळा सातवीतच सुटली, आणि इथे सगळे शिकलेले. तरी बोलू द्या. मी मिरजगावचा, वैशालीचा बाप. आज ज्यांच्या शोकसभेला जमलोय, त्या आपल्या सरांच्या हाताखाली ती मटकीवर पीएच.डी. करत होती.

सरांच्या आधी तिला दुसरे मार्गदर्शक होते. माणूस हुशार, पण तापट. पोरं आत जायच्या आधी शिपायाला विचारायची, "मामा, आज हवा कशी हाय?" घरी जेवताना फोन वाजला, की वैशालीचा घास हातातच राहायचा. ते बदलून गेले. भीती राहिली.

मग सर आले. त्या साली आमच्या रानात मटकीचा प्रयोग होता. अर्ध्या ओळींना पाणी द्यायचं, अर्ध्या कोरड्या ठेवायच्या. कोरड्यात कुठलं वाण तगतं, ते बघायचं. वैशाली नगरला आली, आणि मागे तिच्या आईने कोरड्या ओळींनाही पाणी दिलं. माना टाकलेली रोपं तिला बघवेनात.

हंगाम वाया गेला. पोरगी म्हणाली, "आबा, सरांना न्हाई सांगायचं. आकडे मी जुळवीन." मी घाबरट माणूस. सांगून टाक म्हणून मी तिच्या मागेच लागलो, तेव्हा तिने सरांना फोन केला.

सर एसटीने घरी आले. हिची आई चुलीपासून उठेना. सर म्हणाले, "वहिनी, चहा टाका. पुढच्या साली रोपांची दया आली तर आधी मला फोन करा. दोघं मिळून हळहळू."

मग पोरीला म्हणाले, "सांगितलंस, बरं केलंस. लपवलं असतंस, तर उद्या कुणीतरी ते वाण विश्वासाने पेरलं असतं."

साहेबाच्या रागाने पोर नुसतं रडत नाही, मंडळी. पोर लपवायला शिकतं. आणि त्या खोट्या आकड्यांवर पेरणी कुणी करायची? आम्हीच ना?

यंदाची मटकी रानात उभी आहे. सर नाहीत. वैशालीला आता नवे मार्गदर्शक मिळतील. ते इथेच बसले असतील. साहेब, तुम्ही कोण, मला ठाऊक नाही. चुका काढा. रागवासुद्धा. पण चुकलं तर तिला तुमच्याकडेच यावंसं वाटू द्या. एवढंच मागणं आहे.

यंदा हिच्या आईने कोरड्या ओळींना हात लावला नाही. आज निघताना बांधावर थांबली आणि म्हणाली, "आता फोन कुणाला करायचा वो?"

उठा मंडळी, सरांसाठी थोडा वेळ गप्प उभे राहू.