उस्तादांनी घातलेली लाथ

आत वडील शेवटच्या घटका मोजत होते, आणि ती सकाळपासून बाहेरच बसून होती. आत जायचा धीरच होईना. शेजारच्या बाकावर दोन म्हातारे येऊन टेकले, वडिलांच्या पॅराशूट पलटणीतले.

“पहिल्या उडीला विमानाच्या दारात तुझे पाय लटपटत होते.”

“छे! हवेचा अंदाज घेत होतो.”

“म्हणून उस्तादांनी लाथ घातली?”

“लाथ नव्हती रे. पन्नास वर्षं मीच तसं सांगत आलोय.”

“मग?”

“कानाशी येऊन म्हणाले, ‘घरी तान्ही पोर आहे माझी. मलाही भीती वाटते. तू हो पुढे, मी मागोमाग येतो.’”

“उस्ताद? आणि भीती?”

“कुणाला सांगायचं नाही, अशी ताकीद होती.”

“मग आज कसं सांगितलंस?”

“आज कोण रागावणार आहे?”

दोघे हसले. ती त्यांच्याकडे वळली.

“काका, ती पोर मीच.”

दोघे गुडघ्यांवर हात देत उभे राहिले.

“जाऊन आलीस का, बाळ?”

“नाही अजून.”

“जा. आम्ही आहोत इथं.”

ती आत गेली. वडिलांच्या पापण्या मिटलेल्या होत्या.

“बाबा,” ती वाकून म्हणाली, “तुमचे दोन जवान आलेत बाहेर. तुमची चेष्टा करतायत.”